घोरपडीची नवी चासी

वहिनींच्या दुकानात शिरलं की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. तापलेलं लोखंड, ग्राइंडरची धूळ आणि ओला रंग यांचा एकत्र वास दारातच अंगावर येतो. मग दिसतात भिंतीला टेकून उभी असलेली फाटकं, छपराच्या तुळईला टांगलेली चेनपुली, कोपऱ्यातला वाकड्या सळ्यांचा ढीग आणि या सगळ्याच्या मधोमध, जमिनीवर फतकल मारून, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढून बसलेली एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई. बोलायचं असेल तर थांबावं लागतं. ठिणग्या थांबल्या की मुखवटा वर जातो. खालून घामानं चमकणारा चेहरा निघतो. कानामागे खडू असतो. एक भुवई कधीतरी जळून दुसरीपेक्षा विरळ झालेली आहे, त्यामुळे वहिनी नेहमीच किंचित नवल वाटल्यासारख्या दिसतात.

नवखा माणूस हमखास विचारतो, "वेल्डर कुठे गेलाय?"

"तुमच्यासमोर बसलाय," वहिनी म्हणतात. "सांगा, काय मोडलंय?"

वेल्डिंगच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. तिथून थेट याच दुकानात कामाला लागल्या. दुकान तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचं होतं, म्हणजे ते पुढे सासरे झाले. सासऱ्यांच्या मुलाला वेल्डिंगचा उजेड सोसत नसे. जरा काम केलं की डोळे लालबुंद. जिभेला मात्र कसलाच त्रास नव्हता. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या घराची, घराण्याची, गुडघेदुखीची विचारपूस करत त्याच्या गळ्यात फाटकाबरोबर खिडकीच्या जाळ्याही घालण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गल्ली त्याला रेडिओ म्हणते. लग्नात सासरे पाहुण्यांना सांगत होते, "चांगला वेल्डर मिळाला की हातचा जाऊ द्यायचा नसतो. माझ्याकडे जोडायला एक मुलगाच शिल्लक होता. टाका मारून टाकला."

हा किस्सा रेडिओ स्वतःच सगळ्यांना सांगतो, तोही वहिनींच्या देखत. शेवटी पुस्ती जोडतो, "टाका पक्का आहे. मी बरेचदा ओढून पाहिलाय."

वहिनी तेव्हा फक्त मुखवटा खाली ओढतात.

त्यांची काम करायची एक रीत आहे. कागदावर नकाशा काढणं त्यांना जमत नाही, किंवा जमवून घ्यायचं नाही. जे करायचं ते त्या आधी दुकानाच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापात काढतात. फाटक करायचं असेल तर फरशीवर फाटक झोपलेलं असतं, त्याच्या बिजागऱ्या, कडी, सगळं. गिऱ्हाइकांना भिंतीच्या कडेकडेनं चालावं लागतं. चुकून रेषेवर पाय पडला तर वहिनी ओरडत नाहीत, पण पाय पडलेल्या जागेकडे अशा बघतात, की माणूस पुढच्या वेळी चपला हातात घेऊन येतो.

दुकानाच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली, घोरपड होती.

घोरपड म्हणजे वहिनींच्या वडिलांची जुनी जीप. वडील डोंगरातल्या विजेच्या तारांची देखभाल करत. रस्ता संपला की त्यांचं काम सुरू व्हायचं. पायवाट, ओढा, घसरडी चढण, काही असो, ही गाडी चार पायांनी चिकटून चढायची. म्हणून घोरपड. खात्यानं जीप मोडीत काढली तेव्हा वडिलांनी ती घरी आणली. वहिनी सायकल शिकायच्या आधी तिचे गिअर टाकायला शिकल्या. वडील क्लच दाबून "आता" म्हणायचे आणि शेजारी बसलेली मुलगी दोन्ही हातांनी दांडा ओढायची. वडिलांच्या मागे ती वहिनींची आणि त्यांच्या धाकट्या भावाची झाली. एके दिवशी भर चौकात मागचा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, चासीपासून फाटून निघाला आणि घोरपडीनं जागेवर बसकण मारली, ती आजतागायत. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, वरून रंग शाबूत आणि आतून गंजानं चाळण.

चासी म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब पोलादी बाजू, त्यांना बांधणारे आडवे दांडे, आणि त्यावर इंजिन, चाकं, माणसं बसतात ते वरचं शरीर, सगळ्यांचा भार. कणाच गेला तर बाकीचं कितीही धडधाकट असलं तरी काय करायचं? वहिनी दरवर्षी म्हणायच्या, यंदा करते. दरवर्षी कुणाचं तरी फाटक आडवं यायचं. आयुष्यभर त्यांनी एका जागी राहणाऱ्या वस्तू केल्या. जिना हलला तर बदनामी, जाळी हलली तर चोरी. कधीतरी ताडपत्री वर करून त्या घोरपडीच्या आसनावर बसत, गिअरचा दांडा उगाच मागेपुढे करत आणि कुणी यायच्या आत उतरत.

एका रविवारी धाकटा भाऊ आला. तो दातांच्या कवळ्या बनवतो. हात कायम स्वच्छ, नखं कापलेली, शर्टाला घडीची रेघ. दुकानात तो कशालाच टेकत नाही.

"ताई, घोरपडीला स्थळ आलंय," तो म्हणाला.

वहिनींनी मुखवटा वर केला. "कुणाचं?"

"टेकडीच्या पायथ्याशी नवं हॉटेल होतंय ना, त्यांचं. प्रवेशद्वाराशी ठेवणार म्हणाले. छान रंग देणार, दिवे सोडणार. बॉनेट काढून आत कुंड्या."

"आत कुठे?"

"इंजिनाच्या जागी. खाली लटकणारी फुलझाडं असतात ना, ती."

वहिनींनी मुखवटा पुन्हा खाली ओढला. रेडिओसुद्धा बोलला नाही, आणि त्यामुळे भाऊ घाबरला.

"हे बघ, ताडपत्रीखाली कुजण्यापेक्षा लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. माझा जीव नाही का तिच्यात? पण मी स्वतः स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, आरपार गेला. तू करते करते म्हणतेस..."

"करते," वहिनी म्हणाल्या.

"हेच. हेच म्हणतोय मी."

शेवटी त्यानंच अट घातली, बहुधा वाद मिटवायला. हॉटेल पुढच्या महिन्यात उघडणार होतं. त्याच्या आत घोरपड टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर चढली, ढकलल्याशिवाय, ओढल्याशिवाय, तर ती ताईची. तो पुन्हा शब्द काढणार नाही. नाही चढली तर कुंड्यांची.

"दिला शब्द?"

"दिला."

"ऐकलं मी," रेडिओ म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

चासी शोधली रेडिओनंच. वहिनी म्हणतात, त्या एका आठवड्यात नवऱ्याच्या तोंडाचं सार्थक झालं. मोडीत काढलेल्या गाड्यांची जेवढी आवारं होती तिथे जाऊन, तिथल्या माणसांच्या घरची लग्नं, आजारपणं, म्हशी सगळं ऐकून घेऊन त्यानं बातमी आणली: याच जातीची एक चासी आहे, गंज नाही, वर्षानुवर्षं छपराखाली पडून होती. ती टेम्पोतून उतरली तेव्हा वहिनी फाटकाचं काम अर्धवट टाकून धावल्या. हातोडीनं एका टोकाला ठोकलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. टण्ण असा लांब, निरोगी आवाज आला. त्यांनी पुन्हा ठोकलं, केवळ ऐकायला बरं वाटलं म्हणून.

मग मोजायची फीत लावली, आणि थांबल्या.

"काय झालं?" रेडिओनं विचारलं.

"ही रुग्णवाहिकेची आहे. लांब जातीची."

"किती लांब?"

वहिनींनी आपला हात कोपरापासून पसरून दाखवला. "एवढी."

रेडिओचा चेहरा पडला. "आवारवाल्यानं सांगितलं होतं सख्ख्या बहिणी आहेत म्हणून."

"बहिणीच आहेत. थोरली आणि धाकटी." वहिनी चासीभोवती फिरल्या, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग कानामागचा खडू काढला. परीक्षेत अवघड पण येणारा प्रश्न दिसल्यासारख्या त्या खूश दिसत होत्या. "मधून कापायची," त्या म्हणाल्या. "थोरलीची धाकटी करायची."

त्या दिवशी फरशीवरची सगळी फाटकं पुसली गेली. घोरपडीची जुनी चासी एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला, दोन्ही पूर्ण मापात, एकमेकींच्या शेजारी झोपलेल्या. गिऱ्हाइकांना आता आत यायलाच जागा उरली नाही. रेडिओ त्यांना फुटपाथवरच गाठायचा.

नुसतं कापून चालणार नव्हतं. सरळ कापून सरळ जोडलं तर खड्ड्याखड्ड्यातला सगळा मार त्या एका रेषेवर बसणार, आणि रेषा कधीतरी उसवणार. म्हणून वहिनींनी छेद पायरीसारखा काढला: वरचा भाग थोडा पुढे, खालचा थोडा मागे, म्हणजे दोन्ही तुकडे एकमेकांत अडकून बसतील. आतून पोलादी पट्टी. पहिला काप घेताना त्यांचा हात क्षणभर अडला. ग्राइंडर फिरत होता, ठिणग्यांचा पिसारा अजून सुटला नव्हता. नवी, निरोगी चासी. एकदा कापली की परत नाही. मग त्यांनी दात दाबले आणि पातं टेकवलं.

जोडताना त्या गुणगुणत होत्या. कुठलं गाणं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मुखवट्याच्या आतून सगळी गाणी सारखीच येतात. लोखंड तापलं की ओढ घेतं, एकाच बाजूनं जोडत गेलं तर वाकतं, म्हणून इथे बोटभर, तिथे बोटभर, मग थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा. थंड होण्याची वाट बघणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्या चासीभोवती येरझाऱ्या घालत, हात पाठीशी बांधून, डॉक्टरच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकासारख्या.

शेवटी कोपऱ्याकोपऱ्यात तिरकी दोरी ताणली. एक कर्ण मोजला. दुसरा मोजला. दोन्ही सारखे. वहिनींनी दोरी रेडिओच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही मोजा."

"तू मोजलंस ना?"

"मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय."

रेडिओनं मोजलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

भाऊ आता "सहज" येऊ लागला होता. आधी रविवारी, मग दवाखाने बंद झाले की, मग जेवणाच्या सुट्टीतही. दारात उभा राहून, शर्ट सांभाळत, टोमणे मारायचा. "ताई, जमलं नाही तर पाळणा कर त्याचा. बागेत चालेल." वहिनी म्हणायच्या, "पाना दे तिथला." तो दोन बोटांनी पाना उचलून द्यायचा आणि रुमालाला हात पुसायचा. काही दिवसांनी रुमाल आणायचा विसरू लागला.

जुन्या चासीवरचे इंजिनाचे पाय वहिनींनी कापून काढले, घासून चकचकीत केले आणि नव्या चासीवर त्याच जागी बसवले, कारण थोरलीचं इंजिन वेगळं होतं आणि तिच्या पायांवर घोरपडीचं इंजिन बसत नव्हतं. गिअरपेटीखालचा आडवा दांडा पुढे सरकवला. पाटे चढले, चाकं चढली. गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकनं इंजिन ठीक करून दिलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यानं एवढा काळा धूर सोडला, की समोरच्या घरातून वाळत घातलेले कपडे आत गेले आणि पाठोपाठ चार शब्दही बाहेर आले. वहिनींना ते ऐकूच आले नाहीत. त्या हात इंजिनावर ठेवून उभ्या होत्या.

सगळ्यात शेवटी, घाईघाईत, त्यांनी चासीवर वरच्या शरीराच्या बैठका जोडल्या. बैठक म्हणजे तळहाताएवढी पोलादी खुर्ची. पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन. त्यांवर शरीर टेकतं.

चेनपुली कुरकुरली, शरीर हळूहळू खाली आलं, बोल्ट भोकांतून सरळ उतरले. गल्ली दारात जमली होती. रेडिओ भाषणाच्या बेतात होता. वहिनींनी चालकाच्या बाजूचं दार लोटलं.

दार लागलं नाही. वरचा कोपरा चौकटीवर आपटून परत आला. त्यांनी पुन्हा लोटलं. पुन्हा तेच. पलीकडचं दार लोटलं. तेही तसंच.

दारातली माणसं एकेक करून पांगली. दारं असा आडमुठेपणा करतात तेव्हा चासी वाकडी असते, हे कुणीही सांगेल. म्हणजे जोड. म्हणजे तो पायरीचा छेद, ती बोटबोटभर शिवण, सगळं वाकडं. पुन्हा कापायचं, पुन्हा जोडायचं, आणि हॉटेलच्या दारात तर माळा लागायला सुरुवात झालेली.

त्यांनी दोरी ताणली. कर्ण सारखे. पाणपातळी चासीच्या दोन्ही बाजूंवर ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध, शहाण्यासारखा.

"मग दारं खोटं बोलतायत की काय?" रेडिओ म्हणाला. जरा वेळानं हळूच म्हणाला, "कोपरा थोडा घासून काढला तर?"

"दार लागेल," वहिनी म्हणाल्या. "आणि अंग पिळलेलंच राहील. पहिल्या तिरक्या चढावर समोरची काच तडकेल."

भाऊ दाराशी उभा होता. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नसता. तो आत आला, खडूच्या रेषा ओलांडून, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानातल्या एका वस्तूला टेकला. ती वस्तू घोरपड होती.

"ताई," तो म्हणाला, "कवळी बसवल्यावर पेशंट म्हणतो टोचतंय. आपण बघतो तर सगळं सरळ. डोळ्याला दिसतच नाही कुठला दात आधी लागतोय ते."

"मग काय करता?"

"निळा कागद चावायला देतो. जो दात उंच, त्याच्यावर डाग उमटतो."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग वर चेनपुलीकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे. "किती आहे तुझ्याकडे तो कागद?"

तो स्कूटरवरून गेला आणि शर्टावर कामाचा पांढरा कोट चढवून परत आला. हातात कागदाच्या चिमुकल्या पट्ट्यांचं पाकीट होतं. माणसाच्या दाढेसाठी केलेल्या त्या पट्ट्या घोरपडीच्या बैठकांवर अगदीच केविलवाण्या दिसत होत्या. त्यांनी शरीर पुन्हा उचललं, बैठकांवरच्या रबरी चकत्या काढल्या आणि प्रत्येक बैठकीवर पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या. भाऊ त्या बोटांच्या टोकांनी सरळ करत होता. रेडिओ साखळी धरून होता.

"खाली घ्या भाऊजी. सावकाश. आता चावू दे तिला. बास. वर घ्या."

तिघंही वाकले. पुढच्या बैठकांवर पुसट सावली. मधल्या कोऱ्या. मागच्या दोन्हींवर गडद, ठसठशीत निळा डाग.

"मागच्या दोन दाढा उंच आहेत," भाऊ म्हणाला.

वहिनींनी मागच्या बैठकीवरून बोट फिरवलं. त्यांनी पाणपातळी चासीवर लावली होती. बैठकांवर लावलीच नव्हती. त्या शेवटी, नजरेनं, हाताच्या अंदाजानं जोडल्या होत्या. आणि हाताचा अंदाज कधी चुकत नाही, असं त्यांना वाटत होतं. बोट तिथेच थांबलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. रेडिओला वाटलं रडतेय. त्या हसत होत्या.

"अगं, काय झालं?"

"फाटक केलं मी घोरपडीचं."

"म्हणजे?"

"फाटक भिंतीला एकाच बाजूनं लटकतं ना? मोकळं टोक वजनानं झुकतं. म्हणून जोडतानाच ते टोक केसभर वर धरायचं, मग झुकून सरळ होतं. तुमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं." त्यांनी डोळे पुसले आणि गालावर निळा पट्टा उमटला. "इतकी वर्षं तेच केलं. इथे मागचं टोक मोकळं दिसलं, हातानं ते वर धरलं. मला विचारलंसुद्धा नाही. पण हिच्या मागच्या टोकाला चाकं आहेत. ही कुठे झुकणार?"

"म्हणजे जोड?" भावानं घाईनं विचारलं.

"जोड सरळ आहे." वहिनी उठून उभ्या राहिल्या. "जोड सरळ आहे रे."

आपलीच पक्की शिवण उसवायला त्यांना वेळ लागला, कारण ती खरोखरच पक्की होती. ग्राइंडर किंचाळत होता. भाऊ सांडशीत बैठक धरून बसला होता, तोंड एका बाजूला वळवून, डोळे घट्ट मिटून. एक ठिणगी त्याच्या पांढऱ्या कोटावर बसली आणि तिनं गोल, काळ्या काठाचं भोक पाडलं.

"तुझी बायको मला जिवंत ठेवणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"तिला सांगू नकोस. मी सांगतो, पेशंट चावला."

या वेळी बैठकांवर पाणपातळी लावली, मग निळा कागद, मग पुन्हा पाणपातळी. डाग सगळीकडे सारखे फिकट उमटले. रबरी चकत्या, शरीर, बोल्ट. वहिनींनी दार एका बोटानं लोटलं. खट्. पलीकडचं भावानं लोटलं. खट्. त्यानं उघडून पुन्हा लोटलं. मग पुन्हा. शेवटी रेडिओ म्हणाला, "अरे, झिजेल ते."

टेकडीवर जायच्या सकाळी हॉटेलवाले गृहस्थ आपली लांब, चकाकती गाडी घेऊन पायथ्याशी आले होते. माणूस भला होता. "आपल्याला काही घाई नाही," ते म्हणाले. "फक्त प्रवेशद्वाराशी जागा मोकळी ठेवलीय." मग घोरपडीच्या मागून येऊ लागले.

वहिनी चालकाच्या जागी, उशी घेऊन, कारण पाय पुरत नव्हते. भाऊ शेजारी. मागच्या आडव्या बाकावर रेडिओ, दोन्ही हातांनी दांडा धरून, डावीकडे काय, उजवीकडे काय, मागचे गृहस्थ किती अंतरावर, सगळं सांगत. पहिला चढ घोरपड सहज चढली. वहिनींचं लक्ष इंजिनाकडे नव्हतंच. त्या पाठीनं ऐकत होत्या. आसनाखालून, चासीतून, प्रत्येक खड्डा वर येत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या जोडाचा आवाज शोधत होत्या. कुरकुर नाही, करकर नाही. नुसता गुरगुराट, भरलेल्या पोटाचा.

मनोऱ्याच्या खालचं शेवटचं वळण वाईट. तिथे डांबर उखडून नुसती खडी उरलेली आहे, आणि चढ छातीवर येतो. घोरपड अर्ध्यात गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. खडी उडाली. गाडी हातभर मागे सरकली.

"ताई, मी उतरू का? वजन कमी होईल."

"बस तिथेच. वजनच हवंय मला." वहिनींनी ब्रेक दाबून धरला. पुढच्या चाकांना जोर देणारा छोटा दांडा त्यांच्या गुडघ्याच्या पुढे होता. त्यांनी ओढला. हलला नाही. खालचं सगळं थोडं पुढे सरकलं होतं, दांडा आता पूर्वीपेक्षा दूर पडत होता, आणि ब्रेकवरचा पाय न सोडता त्यांचा हात तिथवर नीट पोचत नव्हता.

"तू ओढ," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. मी सांगेन तेव्हा."

भावानं दांडा पकडला. वहिनींनी क्लच दाबला.

"आता."

खालून एक जाड, समाधानी ठोका आला. वहिनींनी ब्रेक सोडला, क्लच हळूहळू उचलला. पुढची चाकं खडीत रुतली, थरथरली, आणि मग त्यांना जमीन सापडली. घोरपडीनं नाक वर केलं. एक बाजू उचलली गेली, दुसरी दबली, समोरची काच आपल्या चौकटीत तशीच शांत बसून राहिली आणि वळण मागे पडलं. भाऊ काहीतरी ओरडत होता. कवळ्या करणाऱ्या माणसाच्या तोंडून आला तो शब्द वहिनींनी पूर्वी फक्त ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकला होता.

मनोऱ्यापाशी वारा होता. हॉटेलवाल्यांची गाडी खडीच्या अलीकडेच थांबली होती. ते धापा टाकत चालत वर आले. घोरपडीभोवती एक फेरी मारली, तापलेल्या बॉनेटला हात लावून चटकन मागे घेतला.

"चढली की हो," ते म्हणाले.

"चढली," भाऊ म्हणाला. "ताईची आहे. तुम्ही दुसरं काहीतरी बघा." मग त्याला वाईट वाटलं असावं. "मी मदत करतो शोधायला."

"ते बघू. आधी मला खालपर्यंत सोडता का हिच्यातून? माझी गाडी नंतर नेईन."

वहिनी ऐकत नव्हत्या. त्या गाडीखाली शिरल्या होत्या. पाठीखाली खडी टोचत होती. त्यांनी विजेरी जोडावर धरली, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत सावकाश नेली, पायरीच्या प्रत्येक कोपऱ्याशी थांबल्या. मग अंगठ्यानं धूळ पुसून तळहात टेकवला. केसाएवढीही चीर नव्हती. त्या तिथेच जरा वेळ पडून राहिल्या. कुणाला दिसत नव्हत्या, म्हणून हवं तेवढं हसता आलं.

बाहेर येऊन कपडे झटकले तर चालकाच्या जागी भाऊ बसलेला. उशी बाजूला काढून ठेवली होती. पाय त्याचे पुरत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नखांत काळं वंगण, आणि नजर समोर. वडील असताना तो लहान होता. घोरपड त्यानं कधीच चालवली नव्हती.

"ताई, तुझी आहे," तो म्हणाला. "मी फक्त बसून बघतोय."

मागच्या बाकावर रेडिओ आणि हॉटेलवाले गृहस्थ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि रेडिओ त्यांना फाटकाबद्दल विचारत होता.

वहिनी पलीकडच्या बाजूनं वर चढल्या. दार लावून घेतलं.

"क्लच हळू सोड," त्या म्हणाल्या.

घोरपडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. मागून रेडिओ म्हणाला, "माझा दात हलला."

"हळू म्हटलं ना."

"हळूच सोडला."

"याला हळू म्हणतात? पुन्हा. पाय पूर्ण दाब. हं. आता थोडा वर. अजून थोडा. थांब, तिथेच धर. जाणवतंय?"

त्याच्या पायाखाली घोरपड हलकेच थरथरली.

"जाणवतंय," तो म्हणाला.

"मग सोड."